वनौषधींचा शोध घेणारे डॉक्टर गार्सिया द ओर्ता

डोंबिवलीचा पावसाळा किती दमट असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जून सरता सरता स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणे चिकट होतात. मे महिन्यात गच्चीवर वाळवून ठेवलेला गवती चहा, अडुळशाची पाने, आमसुले, हळकुंडे, सुंठ यांचा वास बदलू लागतो. ऑगस्टमध्ये सर्दी-खोकल्यासाठी सुंठ शोधावी तर तिला बारीक बारीक भोके पडलेली असतात आणि डब्याच्या तळाशी पिवळसर भुकटी साचलेली असते. सुंठेला कीड लागते ही तक्रार आजची नाही. ती लागू नये म्हणून पूर्वी वाळलेल्या आल्याला चिकणमातीचा लेप देत असत. त्यामुळे त्याची भोके बुजत, आतला कस टिकत असे आणि किडा शिरत नसे. ही माहिती १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात आहे. आले डिसेंबर-जानेवारीत काढतात, मग वाळवतात, मग मातीने माखतात असा क्रमही त्यात दिला आहे.

हे पुस्तक लिहिणारे होते डॉ. गार्सिया द ओर्ता. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पणजीत त्यांच्या नावाची बाग आहे. पण आपण मराठी कॅथलिक त्यांच्याविषयी फारसे बोलत नाही. त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग, खरे म्हणजे मृत्यूनंतरचा भाग, आपल्याला अवघड वाटतो हे त्याचे एक कारण असावे. आपल्या धर्मग्रामात वसईहून आलेली कुटुंबे आहेत, नगर-संगमनेरकडची आहेत, गोव्याचीही आहेत. या तिन्ही मुलखांत ओर्ता वावरले होते. म्हणून त्यांची गोष्ट आम्ही यावेळी आपल्यापुढे ठेवीत आहोत, अवघड भागासह.

ओर्तांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळच्या कास्तेलो द व्हीद या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने तिथल्या यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यायला लावला. अशा लोकांना नव-ख्रिस्ती म्हणत. नाव ख्रिस्ती, चर्चमध्ये हजेरी ख्रिस्ती, पण शेजाऱ्यांची नजर कायम संशयाची. शनिवारी यांच्या घरी चूल पेटते की नाही, डुकराचे मांस शिजते की नाही, यावर लोक लक्ष ठेवून असत. गार्सिया या वातावरणात वाढले.

मुलगा हुशार होता. स्पेनमधील सालामांका व अल्काला या विद्यापीठांत ते वैद्यक शिकले, १५२३ मध्ये गावी परतून त्यांनी डॉक्टरकी सुरू केली आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात त्यांना अध्यापकाची जागाही मिळाली. असा माणूस चांगली नोकरी सोडून सहा महिन्यांच्या जीवघेण्या समुद्रप्रवासाला का निघेल? नव्या औषधी पाहण्याची ओढ त्यांना होती, हे त्यांच्या पुस्तकाच्या पानापानावर दिसते. पण पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, येणार याची कुणकुण तेव्हा लागली होती. ते १५३६ मध्ये आलेच. ओर्ता त्याआधी दोन वर्षे, मार्च १५३४ मध्ये, मार्तिम आफोन्सो द सौझा यांच्या ताफ्याबरोबर त्यांचे डॉक्टर म्हणून निघाले आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला उतरले. आमच्या मते त्यांच्या मनात दोन्ही कारणे असावीत.

पहिली तीन-चार वर्षे सौझांच्या स्वाऱ्यांबरोबर फिरण्यात गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. ओर्तांनी घारापुरीची लेणी पाहिली व आपल्या पुस्तकात त्यांचे वर्णन केले. १५३८ नंतर ते गोव्यात स्थायिक झाले. गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्यावर ते उपचार करीत. त्यांच्या घराला बाग होती आणि तिथे ते देशोदेशीची झाडे लावून पाहत.

नगरकडच्या मंडळींना विशेष वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. अहमदनगरचा (२०२४ पासून अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहा हा ओर्तांचा रुग्ण व मित्र होता. ओर्ता घाट चढून त्याच्या दरबारी जात. तिथे अरबी व इराणी हकीम होते, देशी वैद्य होते. निजामशहा त्यांना रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि ओर्ता त्याला लॅटिन नावे शिकवीत, असे ओर्तांनी स्वतः लिहिले आहे. एक मुसलमान राजा आणि एक पोर्तुगीज डॉक्टर समोरासमोर बसून सुंठ-मिऱ्यांची नावे पाठ करीत आहेत, हे चित्र त्या लढायांच्या काळात विरळच! घाटावरच्या या मुलखाला ओर्ता बालाघाट म्हणतात. कडुलिंबाचा गुण त्यांना तिथेच कळला. घोड्यांच्या बऱ्या न होणाऱ्या जखमांवर कडुलिंबाची पाने वाटून लिंबाच्या रसात कालवून लावीत, ते त्यांनी पाहिले आणि स्वतः करून पाहिले.

ओर्तांचा स्वभाव येथे दिसतो. त्या काळच्या युरोपात औषधींविषयी शेवटचा शब्द प्राचीन ग्रीक ग्रंथकारांचा मानला जाई. ग्रंथात आहे म्हणजे खरे, मग झाड कुणी पाहिलेले असो वा नसो. युरोपातल्या औषधविक्यांकडे पोचत ती वाळलेली मुळे, साली, डिंक. कुठल्या झाडाची, केव्हा तोडलेली, वाटेत किती भिजलेली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. ओर्ता झाडापाशीच जाऊन उभे राहिले. एखाद्या वनस्पतीला गुजरातीत काय म्हणतात, दख्खनी लोक काय म्हणतात, कानडी व मलबारी काय म्हणतात हे ते विचारीत. वैद्य, हकीम, व्यापारी, माळी, ज्याला ठाऊक असेल त्याला विचारीत. आणि मग ग्रीक ग्रंथकार चुकला असेल तर तो चुकला असे लिहीत. स्वतः तेही चुकले आहेत. काळी मिरी व पांढरी मिरी यांचे वेल वेगवेगळे असतात असे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात वेल एकच, फरक फक्त फळ किती पिकू द्यायचे व साल काढायची की ठेवायची याचा.

त्यांच्या पुस्तकात आंतोनिया नावाची एक दासी वारंवार येते. एखाद्या झाडाविषयी बोलणे निघाले की ओर्ता तिला हाक मारतात आणि ती जाऊन पान, फांदी, फळ घेऊन येते. त्या काळच्या श्रीमंत पोर्तुगीज घरांत गुलाम असत, ओर्तांच्याही घरी होते. या बाबतीत ते आपल्या काळाच्या पुढे नव्हते. आंतोनियाचे गाव कोणते, आईबाप कोण, हे पुस्तकात नाही. पण ज्या ग्रंथाने युरोपला हिंदुस्थानी औषधी शिकवल्या, त्याचे कितीतरी नमुने तिच्या हातून टेबलावर आले आहेत. औषधाची पाने खुडणारे, निवडणारे, वाळवणारे हात बहुधा घरातल्या बायकांचे असतात आणि त्यांची नावे कुठे छापली जात नाहीत. येथे निदान एक नाव उरले आहे.

ते पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, त्यामुळे हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. छपाईच्या चुका इतक्या की शेवटी शुद्धिपत्राची पानेच्या पाने जोडावी लागली. (आमच्या पत्रकातील चुकांविषयी कुरकुर करणाऱ्या वाचकांनी याची नोंद घ्यावी!) पुस्तक लॅटिनमध्ये न लिहिता साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिले आहे आणि तेही गप्पांच्या रूपात. एकीकडे खुद्द ओर्ता, दुसरीकडे युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा डॉक्टर. रुआनो ग्रंथांतले सांगतो, ओर्ता पाहिलेले सांगतात. हा रुआनो काल्पनिक आहे, पण अभ्यासक म्हणतात की तोही एका अर्थी ओर्ताच आहेत, विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण ओर्ता. पोर्तुगालचे महाकवी लुईस द कामोंइश त्या वेळी गोव्यात होते. त्यांची छापली गेलेली पहिली कविता याच पुस्तकाच्या आरंभी आहे.

पन्नासहून अधिक संवादांच्या या पुस्तकात आपल्या ओळखीचे काय काय भेटते पाहा. कोकम भेटते, त्याची साल जपून ठेवून तिचा आंबट व्हिनेगर करतात या माहितीसह. फणस, जांभूळ, सुपारी, विड्याचे पान भेटते. धोतरा भेटतो, आणि तो खायला घालून चोर घरातल्यांना कसे बेभान करतात हेही. मोडशी भेटते! पटकीसारख्या त्या भयंकर जुलाब-वांत्यांच्या रोगाला इथले लोक जे म्हणत तो शब्द ओर्तांनी कानाने ऐकून पोर्तुगीज लिपीत लिहिला आणि आपले लोक त्याचा उच्चार बिघडवतात असेही नमूद केले. त्या रोगावर इथले वैद्य तांदळाची पेज मिरी-जिरे घालून पाजतात हेही त्यांनी टिपले. युरोपीय भाषेतील कॉलऱ्याच्या सर्वांत आधीच्या तपशीलवार वर्णनांपैकी हे एक आहे. आज आपण जुलाबाच्या रोग्याला मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेली पेज पाजतो, कारण शरीरातले पाणी व क्षार भरून काढणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे.

औषध साठवण्याविषयी त्यांचे निरीक्षण आपल्या आजच्या घरांनाही लागू पडते. रेवंदचिनीचे उदाहरण घ्या. ही चीनकडून येणारी मुळी. समुद्रमार्गे गलबतातून आलेली मुळी दमट हवेने बिघडलेली असते आणि खुष्कीच्या मार्गाने, इराणमार्गे, कोरड्या हवेतून आलेली चांगली निघते, असे त्यांनी पाहिले. म्हणजे झाड तेच, मुळी तीच, वाटेतल्या ओलाव्याने गुण गेला. डोंबिवलीतील फ्लॅटचे स्वयंपाकघर जुलै महिन्यात त्या गलबताच्या पोटासारखेच असते.

म्हणून थोडे घरगुती सांगतो. पाने उन्हात वाळवू नयेत. उन्हाने त्यांचा रंग व सुगंध उडतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, कापडावर एकेरी पसरावीत आणि चुरगाळल्यावर कुरकुरीत मोडतील तेव्हाच भरावीत. पान नुसते वाकले तर ते अजून ओले आहे. मुळे व साली यांना ऊन चालते. फडक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाची काचेची बरणी बरी, पण बरणी स्वतः उन्हात तापवून पूर्ण कोरडी केलेली हवी. गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर ती ठेवू नये, कारण तिथे वाफ लागते. बरणीवर नाव व तारीख लिहावी. वाळलेली पाने साधारण वर्षभर धरावीत, मुळे-साली त्याहून थोडी अधिक. बुरशीचा वास आला की सगळे फेकून द्यावे. वरची बुरशी झटकून खालचे वापरणे धोक्याचे आहे, कारण काही बुरशींचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि उकळूनही जात नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून आणताना अख्खे मूळ, अख्खी साल मागावी. पुडीत काय आहे हे फक्त पुडी बांधणाऱ्यालाच ठाऊक!

आता तेलाकडे येऊ. नारळाच्या संवादात ओर्तांनी दोन तेले वेगळी सांगितली आहेत. एक ओल्या नारळाचे, खवून गरम पाण्यात पिळून वर येणारे. ते पोट साफ करायला देत. दुसरे वाळलेल्या खोबऱ्याचे. ते आखडलेल्या शिरांवर व जुन्या सांधेदुखीवर चोळायला फार उपयोगी असे ते लिहितात. वसईच्या आजी-पणज्यांना हे ग्रंथात वाचावे लागले नसते. निर्गुडीवर तर त्यांनी वेगळा संवादच लिहिला आहे. तिची पाने कुटून, पाण्यात उकळून किंवा तेलात तळून सुजेवर, मुक्या मारावर व दुखऱ्या अंगावर लावतात अशी त्यांची नोंद आहे. ठाणे जिल्ह्यात ओढ्यांच्या काठाने ही निर्गुडी आजही मुबलक उगवते.

निर्गुडीचे तेल घरी करायचे तर आयुर्वेदातले जुने प्रमाण सोपे आहे: वाटलेली पाने एक भाग, तीळतेल चार भाग, पानांचा काढा सोळा भाग. हे सारे एकत्र करून मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत ढवळत राहायचे. या कामाला दोन-तीन तास सहज लागतात आणि घाई केली तर तळ करपतो. तेल सिद्ध झाले की वर फेस येतो. तळाचा गाळ बोटांनी वळला तर त्याची वात होते, आणि ती वात ज्योतीवर धरली असता तडतडत नाही. तडतडली तर अजून पाणी आहे, उतरवू नये. ही तडतडीची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण पाण्याचा अंश राहिलेले तेल टिकत नाही. अलीकडे कच्च्या तेलात ताजी ओली पाने, लसूण वगैरे तशीच बुडवून बाटली महिनाभर ठेवण्याची पद्धत दिसते. ती आम्ही सुचवणार नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, ओलावा मात्र पानात असतो, आणि अशा जागी घातक जंतू वाढू शकतात. न शिजवता मुरवायचेच असेल तर पाने पूर्ण वाळलेली हवीत. तेल गाळून गडद रंगाच्या कोरड्या बाटलीत भरावे, अंधारात ठेवावे, खवट वास आला की टाकून द्यावे. हे तेल बाहेरून चोळण्यासाठी आहे. उघड्या जखमेवर, तान्ह्या बाळाला किंवा कानात घालण्यासाठी नाही. सांधा सुजून तापला असेल तर तेल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ओर्ता स्वतः डॉक्टर होते, त्यांनीही तेच सांगितले असते!

ओर्तांचा आपल्या भागाशी आणखी एक संबंध आहे. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट त्यांना खंडाने दिले. गार्सिया द ओर्ता हे मुंबईचे जमीनदार होते म्हटले तरी चालेल. तिथे त्यांची वाडी होती. तिच्यात वर्षातून दोनदा, नाताळच्या सुमारास व मे अखेरीस, फळणारे एक आंब्याचे झाड होते असे ते कौतुकाने सांगतात. त्या वाडीच्या जागी पुढे मुंबईचा किल्ला उभा राहिला असे इतिहासकार मानतात.

इथवरची गोष्ट एका यशस्वी माणसाची वाटते. राजाचे डॉक्टर, बेटाचे मालक, महाकवीचे स्नेही, मान्यवर ग्रंथकार. पण घरात काय चालले होते?

१५४३ च्या सुमारास त्यांनी आपल्या नात्यातील ब्रियांदा द सोलीस हिच्याशी लग्न केले. पोर्तुगालमध्ये मागे राहिलेली आई व बहिणी यांना इन्क्विझिशनची झळ लागली, त्या अटकेतून सुटल्या आणि १५४९ मध्ये गोव्यात भावाच्या आश्रयाला आल्या. तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन नव्हते. ते स्थापन व्हावे अशी विनंती राजाला ज्यांनी केली त्यांत संत फ्रान्सिस झेवियर होते. त्यांचे १५४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. योगायोग असा की झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले ते त्याच मार्तिम आफोन्सो द सौझा यांच्या जहाजातून, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी ओर्तांना आणले होते. एकाच शहरात, एकाच आश्रयदात्याच्या ओळखीने दोघे वावरले. झेवियरांनी कुष्ठरोग्यांची व कैद्यांची केलेली सेवा आपण दरवर्षी ३ डिसेंबरला आठवतो. हे पत्रही त्यांचेच आहे आणि ते दडवून त्यांचा मान वाढत नाही, असे आम्हांला वाटते.

इन्क्विझिशन गोव्यात १५६० मध्ये आले. तीन वर्षांनी ओर्तांचे पुस्तक छापले गेले तेव्हा ते इन्क्विझिटर आलेइशो दियाश फाल्काव यांनी तपासले आहे असे मुखपृष्ठावरच छापले आहे. औषधांचे पुस्तक तपासणाऱ्याला त्यात आक्षेपार्ह काही सापडले नाही. ओर्ताही सांभाळून लिहीत होते. आपण कोण, आईवडील कोण, याविषयी एवढ्या गप्पिष्ट माणसाने अवाक्षर काढलेले नाही. वाळल्या मुळीचा खरेपणा वासावरून, चवीवरून, मोडून पाहून ठरवणारा हा माणूस स्वतःविषयी मात्र तीस-चाळीस वर्षे गप्प राहिला. तसे राहणे भाग होते.

१५६८ मध्ये ते गोव्यात मरण पावले. त्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला अटक झाली. यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत नातलगांकडून जे वदवून घेतले गेले त्यात मृत भावाचेही नाव आले: तोही मनाने मोशेचेच नियमशास्त्र खरे मानीत होता. कोठडीत, भीतीने, कदाचित मेलेल्यावर दोष ढकलून जिवंतांना वाचवावे म्हणून दिलेल्या जबान्यांवर किती विसंबायचे? ओर्ता अंतर्यामी कोणती प्रार्थना करीत हे परमेश्वरच जाणे. न्यायालयाला मात्र तेवढे पुरले. ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्यांची हाडे थडग्यातून उकरून काढून जाहीरपणे जाळली गेली. झेवियरांच्या सणाचा दुसराच दिवस. अर्थात तेव्हा झेवियर संत घोषित झाले नव्हते. ते १६२२ मध्ये झाले.

ही हकीकत बराच काळ फारशी कुणाला ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या शतकात काउंट फिकाल्यू या पोर्तुगीज वनस्पतितज्ज्ञाने ओर्तांचे मोठे चरित्र लिहिले, त्यांचे पुस्तक टीपांसह पुन्हा छापले, पण बहिणीच्या व हाडांच्या गोष्टीचा त्यांनाही पत्ता नव्हता. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाले आणि त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. १९३४ मध्ये लिस्बनच्या दप्तरातील कागद तपासून ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो या डॉक्टरांनी ती उजेडात आणली. १२ मार्च २००० रोजी, महोत्सवी वर्षात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पीटरच्या मंदिरात सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या जबरदस्तीबद्दल आणि यहुदी लोकांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. कातारीना व गार्सिया यांची नावे त्यात घेतली गेली नाहीत, तशी ती कुणाचीच घेतली नव्हती. पण आपण गोव्याजवळचे लोक. आपल्याला नावे ठाऊक आहेत.

पुस्तकाचे पुढे काय झाले? गोव्यात छापलेल्या फारच थोड्या प्रती आज जगात उरल्या आहेत. त्यांतली एक क्लूसियस या फ्लेमिश वनस्पतितज्ज्ञाच्या हाती, तो पोर्तुगालमध्ये हिंडत असताना, पुस्तक छापल्यानंतर दोनच वर्षांच्या आत पडली. त्याने त्यातले संवाद काढून, मजकूर संक्षिप्त करून १५६७ मध्ये अँटवर्प येथे लॅटिनमध्ये छापला आणि तो युरोपभर पसरला. हाडे जाळली गेली त्या वर्षी युरोपातले डॉक्टर ओर्तांचे नाव घेऊन दालचिनी, कापूर व हिंग यांचा अभ्यास करीत होते. क्लूसियसने समासात टिपा केलेली ती प्रत आता इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. पुढे पोर्तुगालने आपल्या वीस एश्कुदोंच्या नोटेवर ओर्तांचे चित्र छापले. लिस्बनजवळ आल्मादा येथील मोठ्या सरकारी रुग्णालयाला त्यांचे नाव दिले आहे.

पणजीची बाग तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे, कदाचित नाव न वाचताच. चर्च चौकात, अमलोद्भव मातेच्या मंदिराच्या पायऱ्यांसमोर जी बाग आहे तीच गार्सिया द ओर्ता उद्यान. जुन्या गोव्याच्या यात्रेला जाताना पणजीत उतरलात तर पाच मिनिटे तिथे थांबता येते.